गाडी आत गेल्यावर उरलेली जागा

शेणवा, ता. शहापूर
११ डिसेंबर २०२३

ती. आत्या,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, कारण मी ओरडले की अख्खं घर ऐकतं. म्हणून कागद घेतला. शाळेनंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय, चुका काढत बसू नकोस.

बातमी अशी की रोशनने गाडी घेतली. पांढरी, सात सीटची. शेणवा ते आसनगाव स्टेशन सीट भरून फेऱ्या मारतो. दसऱ्याला गाडी दारात आली आणि दिवाळी झाल्या झाल्या तिच्यासाठी घराला लागून गॅरेज बांधलं. आमच्या मोरीला अजून पडदाच आहे, पण गाडीला शटर आलं बघ.

गॅरेज म्हणजे तीन भिंती आणि पुढे ते शटर. घरातून आत जायला दार नाही. वर पत्रे, त्यातला एक पांढरा, उजेडासाठी. गाडी आत गेली की समोरच्या भिंतीशी आणि उजव्या कोपऱ्यात थोडी जागा उरते, पण ती सासऱ्यांनी कधीच भरून टाकलीय. पाण्याची मोटर, पाइपांची वेटोळी, ताडपत्र्या, मोडकी खाट, रिकाम्या गोण्या, दोन निळे ड्रम. रोशनला गाडीतून उतरताना पोट आत घ्यावं लागतं.

तू लग्नात दिलेलं मशीन गेली दोन वर्षं गोधड्यांच्या ढिगाखाली आहे. हे मी तुला सांगितलं नव्हतं. मी शहापूरला टेलरच्या दुकानात जायचे तेही बंद झालं. सासूबाई म्हणाल्या, "सून रोज फाट्यावर बसची वाट बघत उभी, बरं नाय दिसत." घरी शिवते म्हटलं, तर घरात जागा नाही. आत्या, ते खोटं नाही बोलत. दोन खोल्या, आणि आम्ही पाच माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि माझा दीर भावेश.

परवा रोशन खुशीत होता, तेव्हा मी गॅरेजचा विषय काढला. तो जेवता जेवता म्हणाला, "गाडी आत गेल्यावर उरंल ती जागा तुजी. जा." सगळ्यांसमोर म्हणाला. सासूबाईंनीही ऐकलं. मला रात्रभर झोप नाही.

आता तू सांग. तुझ्या एवढ्याशा खोलीत तू अंगणवाडीची खेळणी, वर्षाचा तांदूळ, सरपण, सगळं ठेवायचीस आणि तरी मी मधोमध लंगडी खेळायचे. ते कसं जमवायचीस?

तुझी,
प्रेमा


टोकावडे, ता. मुरबाड
१९ डिसेंबर २०२३

प्रेमाबाई,

पोस्टमन पत्र हातात देऊन दारातच उभा राहिला. त्याला वाटलं कोणी गेलं. मी हसायला लागले तेव्हा बिचारा जास्तच घाबरला. तुझ्या चुका मोजल्या नाहीत, पण 'वेटोळी' बरोबर लिहिलंस, शाबास.

मशीन गोधड्यांखाली ठेवायला दिलं नव्हतं, एवढंच बोलते आणि गप्प बसते. आता काम ऐक.

जमिनीवर काही ठेवायचं नाही. जमीन पायांसाठी असते. माझ्या खोलीचं गुपित तेवढंच होतं, जे आहे ते भिंतीवर नाहीतर वाशाला. तू भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून घे, गाडीच्या आरशांच्या वर. फळी वीतभरच रुंद, नाहीतर कोणीतरी डोकं आपटून घेईल आणि शिव्या तुला. पाइप मोठ्या खिळ्यांवर. ड्रम एकात एक घाल. खाटेचे पाय काढून ती भिंतीला उभी कर. गोण्या, ताडपत्र्या, जे रोज लागत नाही ते शिंक्यात घालून वर चढव. विहिरीची जुनी कप्पी मिळाली तर वरच्या लोखंडी पाइपाला बांध. दोरी ओढली की सामान वर, सोडली की खाली. खुंटीला सुरगाठ मार, लहानपणी शिकवली होती तीच. एक टोक ओढलं की सुटते, दुसरं ओढलं की आवळते. विसरली असशील तर साडीच्या काठावर करून बघ.

आणि माप घेशील ते गाडीची दारं उघडून घे. तुझ्या काकाने म्हशीचा गोठा म्हैस उभी असताना मापला होता. ती बसल्यावर शेपूट बाहेर राहिलं.

एक विचारायचं राहिलं. शटरची किल्ली कोणाकडे असते?

तुझी आत्या,
जिवली


शेणवा
९ जानेवारी २०२४

ती. आत्या,

मी दारं बंद असतानाच माप घेतलं होतं! तुझं पत्र वेळेवर आलं म्हणून वाचले, नाहीतर पहिली फळी गाडीच्या दारातच आली असती.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. नवसू वेल्डरकडून ड्रिल मागून आणलं आणि भोकं मी स्वतः पाडली. सासूबाई शटरमध्ये उभ्या राहून सारख्या म्हणत होत्या, "हात तुटंल गो, हात तुटंल." सासरे मात्र खुर्ची टाकून बघत बसले. कप्पी त्यांनीच जुन्या विहिरीवरून आणून दिली. पहिल्यांदा ताडपत्र्यांचं गाठोडं सरसर वर गेलं तेव्हा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. मलाही फार आनंद झाला आत्या, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी उजवा कोपरा पूर्ण रिकामा झाला. मी फरशी धुतली, कोरडी केली. मशीन जेवल्यावर आणू म्हटलं, मार्गशीर्षातला गुरुवार होता, नैवेद्याचं बघायचं होतं. जेवून, भांडी घासून गेले, तर कोपऱ्यात कणगी. बियाण्याच्या भाताची, तोंडापर्यंत भरलेली, वरून शेणाने लिंपलेली. हळदकुंकू लावलेलं, नारळ फोडलेला, उदबत्ती चालू.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. बियाण्याची कणगी पूजा करून बसवली की पेरणीपर्यंत जागची हलवायची नाही. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "केवढी बेस जागा केलीस गो! घरात उंदीर लागत व्हते." त्या वाईट मनाने बोलल्या नाहीत. मी नमस्कार केला आणि आत आले.

रोशनला म्हटलं, ती जागा माझी ठरली होती. तो म्हणाला, "मंग आता कणगीला उठवू का? पेरनीला उठंलच की." पेरणी म्हणजे रोहिणी नक्षत्र. मे संपायला येतो तेव्हा.

कणगीच्या मागे, भिंतीपर्यंत, मी आडवी होऊन शिरेन एवढी फट आहे. तिथे काही होईल का?

किल्ली रोशनकडे असते. दुसरी कुठे आहे ते विचारलं नाही.

प्रेमा


टोकावडे
१७ जानेवारी २०२४

प्रेमा,

संक्रांतीचे तीळगूळ पत्रात घालून पाठवता येत नाहीत, आणि आज माझ्या तोंडात गोड शब्दही नाही.

जागा मोकळी केलीस आणि भांडी घासायला गेलीस, इथेच चुकलीस. भांडी दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात. रिकामी जागा तुझी वाट बघत थांबत नाही बाई. ती मोकळी झाली रे झाली की आधी आपण जाऊन बसायचं. माझ्या खोलीत कधी कोणी भाताची कणगी आणून का ठेवली नाही? कारण मी मधोमध बसलेली असायचे.

झालं ते झालं. देवाला नारळ फोडलाय, आता कणगीशी भांडू नकोस, तिचा काय दोष.

त्या फटीत पायाचं मशीन मावणार नाही. मग वरचं मशीन उतरवून घे आणि त्याला हाताने फिरवायचं हँडल बसव, शहापूरला मिळेल. भिंतीला बिजागरीची फळी लाव, खाली पाडली की टेबल, वर उचलली की भिंत. दोन्ही बाजूंना साखळी, नाहीतर मशीन मांडीवर येईल. खालचं स्टँड, पायडल, चाक सगळं मोडीत देतील, त्याआधी माझ्याकडे पाठव. मशीनचे पाय माझ्याकडे राहू दे, डोकं तुझ्याकडे.

आणि त्या रोशनला सांग, पेरणीला मी स्वतः येणार आहे कणगी उठवायला.

जिवली आत्या


शेणवा
२६ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

स्टँड पोचलं ना? चुलत सासऱ्यांचा टेम्पो मुरबाडच्या बाजारी जात होता, त्यात घातलं. ड्रायव्हर विचारत होता, वरचं कुठाय. म्हटलं, वरचं कामावर आहे.

माझं टेबल झालं. कणगीच्या मागे मी स्टुलावर बसते तेव्हा बाहेरून दिसतच नाही. पांढऱ्या पत्र्यातून बरोबर सुईवर उजेड पडतो. एका हाताने हँडल फिरवायचं, एका हाताने कापड सरकवायचं, पहिले दोन ब्लाऊज वाकडेच झाले. पण पाड्यातल्या बायका आणून देतात. वाकडं घातलं तरी कोण बघतंय म्हणतात.

आता गंमत ऐक. आमचं गॅरेज प्रसिद्ध झालंय. रोशनने फोटो काढून स्टेटसला ठेवले. किन्हवलीहून माणसं बघायला आली. "कोणी केलं?" विचारलं तर रोशन म्हणाला, "आमीच." मी चहा घेऊन आले होते, तशीच परत गेले. मग लोकांना वाटलं एवढी जागा आहे तर आपलंही थोडं राहू दे. चुलत सासऱ्यांचे मंडपाचे बांबू आले. गावकीचे मोठे टोप आले. भावेश हळदीला गाणी वाजवायला जातो, त्याचे स्पीकर बोनेटवरच्या माळ्यावर चढले. तो माळा मी कापडासाठी केला होता, आत्या. या वेळी तिथे बसूनसुद्धा होते. भावेश म्हणाला, "वहिनी, जरा सर," आणि मी सरले.

एकदा भावेशने घाईत दोरीचं भलतंच टोक ओढलं. गाठ आवळली, म्हणून त्याने सुरीने दोरी कापली आणि बांबू गाडीच्या काचेवर येता येता राहिले. त्या दिवसापासून रोशनने नियम केला, दोऱ्यांना प्रेमाशिवाय कोणी हात लावायचा नाही. म्हणजे दिवसभर हाक. "प्रेमा, टोप उतरव." "प्रेमा, ताडपत्री पायजे." मी उठते, सोडते, चढवते, बसते. बाही अर्धी राहते.

सुरगाठ एवढी अवघड आहे का गं? मला तर सहावीत आली होती.

शिमग्याला येतेच आहे. पुरणाची डाळ जास्त घाल.

प्रेमा


टोकावडे
२८ मार्च २०२४

प्रेमा,

होळीच्या दिवशी मी सकाळपासून एसटी स्टँडवर बसले होते. मुरबाडची प्रत्येक एसटी बघितली. कंडक्टर मला ओळखतो, तो खिडकीतून मान हलवायचा, नाही म्हणून. घाटाकडे जाणाऱ्या गाड्यासुद्धा बघितल्या, चुकून पुढच्या गाडीत बसली असशील म्हणून. संध्याकाळी तुमच्या शेणव्याची एक बाई उतरली. तिने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "गावच्या होळीचे टोप, बांबू, स्पीकर समदं तिच्याच हातात, ती कशी येल?" कौतुकानं सांगत होती गं ती.

पोळ्या मी शेजारी वाटल्या.

तुझं स्टँड मी दाराशी ठेवलंय. रंग घासून काढला, तेल घातलं. सकाळी चहा पिताना मी पायडलवर पाय ठेवते. वर मशीन नाही, तरी चाक आपलं फिरत राहतं. फिरवता फिरवता डोक्यात आलं, जमीन पायांसाठी असते असं तुला पहिल्या पत्रात सांगितलं आणि दुसऱ्यात मशीनचे पाय काढायला सांगितले. मी तुला जागा काढायला शिकवत राहिले आणि तू काढत राहिलीस. त्या घरात जेवढी जागा निघाली तेवढी सगळ्यांची झाली, आणि त्या सगळ्याची राखणदार तू झालीस. सासरच्या घरून सुनेला शिमग्याला माहेरी धाडत नाहीत, हे मी प्रथम ऐकलं. तेही दोरीची गाठ सोडता येते म्हणून.

पुढच्या पत्रात गॅरेजचं लिहू नकोस. तू कशी आहेस ते लिही.

आत्या


शेणवा
१६ एप्रिल २०२४

ती. आत्या,

मी कशी आहे ते गॅरेजचं न लिहिता लिहिता येत नाही. रागावू नकोस.

मागच्या आठवड्यात सगळे पालापाचोळा जाळून राब भाजायला शेतावर गेले होते. मी स्वयंपाक आटपून कणगीच्या मागे शिवायला बसले. दुपारी रोशन आला, गाडी आत घातली. उन्हातून आलेला, त्याला आतलं काही दिसलं नसणार. गाडीत गाणं मोठ्यानं चालू. मी "अवो, मी हाय" म्हणेपर्यंत तो उतरला, शटर खाली, कुलूप. मित्राच्या मोटारसायकलवर बसून हळदीला गेला.

आधी मी गाडीला चाटून शटरपर्यंत गेले. खूप आपटलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही, सगळा पाडा राबावर. फोन घरात चार्जिंगला. मग घाम आला. पत्रे तापलेले, गाडीच्या इंजिनाची धग. मला वाटलं आता इथेच काही होणार. मी परत स्टुलावर येऊन बसले.

आणि मग काय झालं ते फक्त तुलाच सांगते. थोड्या वेळाने मी हँडल फिरवायला लागले. एक ब्लाऊज पूर्ण झाला. गळ्याची पट्टीसुद्धा, हुकसुद्धा. मधे कोणी हाक मारली नाही. कोणी मारणारच नाही हे ठाऊक होतं. दुसरा घेतला. मी गाणं म्हणत होते, आत्या, मोठ्याने. लग्न झाल्यापासून एवढी सुखात मी कधी नव्हते. आणि हे लक्षात आलं तसे माझे हात थांबले. बाहेरून कुलूप घातलेल्या जागी मला सुटल्यासारखं वाटत होतं. मी खूप रडले. कोंडलं होतं तेव्हा नाही रडले, हे कळलं तेव्हा रडले.

उन्हं उतरल्यावर भावेश आला. शटरवर थाप मारून ओरडतो काय, "वहिनी कुठं गेली? मोठा स्पीकर कोन काढून देनार?" मी आतून म्हटलं, "मी हतंच हाय." तो हसतच सुटला. किल्ली येईपर्यंत दिवेलागण झाली. सगळे शटरपाशी जमले होते. मी बाहेर आले तर सासूबाईंनी पाणी दिलं, तेवढ्या एकट्याच हसत नव्हत्या. रोशन म्हणाला, "आतून हाक तरी मारायची." आणि मग म्हणाला, "पन बघ, दिवसभर आरामात राहिलीस. म्हंजे जागा हाय आत."

पुढचं आता लिहिते. अक्षय्य तृतीयेला भावेशचं लग्न आहे. आतली खोली नव्या जोडप्याला द्यायची ठरलीय. सासू-सासरे बाहेरच्या खोलीत. रोशन गाडीतली सीट पाडून झोपणार. आणि मला म्हणाला, तू एवढ्या घडीच्या वस्तू केल्यास, तशी एक खाट कर. कणगी उठली की त्या कोपऱ्यात. सकाळी घडी करून भिंतीला लावायची, म्हणजे गाडीला अडचण नाही. पंखा लावून देतो म्हणाला. त्याला खरंच वाटतं की तो माझी सोय करतोय.

नवसूकडून फळ्या आणून दिल्यात त्याने. बिजागऱ्या किती मोठ्या लागतील? मशीनच्या फळीच्या धरतील का? आणि लांबी किती ठेवू, माझ्या उंचीएवढी, की पाय थोडे मुडपून चालतील?

प्रेमा


टोकावडे
२४ एप्रिल २०२४

प्रेमा,

बिजागरीचं माप मी सांगणार नाही. खाटेच्या लांबीचंही नाही. बाकी काहीही विचार, जन्मभर सांगेन. हे सांगणार नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू रडलीस ते वाचून मला बरं वाटलं. हात थांबले नसते तर मला धास्ती वाटली असती.

पळून ये असं मी म्हणत नाही. तू चोरी केलेली नाहीस. भांडून ये असंही नाही, तुला भांडता येत नाही, तू आपली सरतेस. तुझ्या मनाला पटेल तेव्हा, पटेल तशी ये. दिवसाउजेडी, पुढच्या दाराने. गॅरेजला नसलं तरी घराला दार आहे ना, तेवढं पुरे.

स्टँड दाराशी आहे. वरची फळी पुसून ठेवलीय. त्यावर मी काही ठेवत नाही, पेपरसुद्धा नाही.

जिवली


टोकावडे
३१ मे २०२४

रोशन यांस,

मी आत्याकडे सुखरूप पोचले. सासूबाईंना मी सांगून निघाले होते, तुम्ही स्टेशनच्या फेरीवर होता. त्यांनी अडवलं नाही. फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या आणि एसटी येईपर्यंत उभ्या राहिल्या. मशीन पिशवीत घालून त्यांनीच एसटीत माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांच्यावर रागावू नका.

पेरणी होईपर्यंत मी थांबले. कणगी माझ्या हाताने उघडली, बियाणं माझ्या हाताने सासऱ्यांच्या टोपलीत घातलं. घरातलं बी घरात असताना सून निघून गेली, असं कोणी म्हणू नये. आता कणगी रिकामी आहे. तिला ऊन दाखवून मगच ठेवा, तळाला ओल धरलीय.

तुमची अडचण होऊ नये म्हणून दोऱ्यांचं लिहिते. प्रत्येक खुंटीवरच्या गाठीला दोन टोकं आहेत. त्यातल्या एकाला मी लाल चिंधी बांधलीय. लाल टोक ओढलं की गाठ सुटते, दुसरं ओढायचं नाही, तेवढंच. सोडताना दोरी हातावर एकदा गुंडाळून धरा, नाहीतर टोप एकदम खाली येतील. शटरजवळची पहिली खुंटी ताडपत्र्यांची, तिच्यापुढची बांबूंची. टोपांची कप्पी कुरकुरते, तिला तेल घाला. भावेशच्या बायकोला हे शिकवू नका. भावेशला शिकवा. लहान मुलाला येईल एवढी सोपी गाठ आहे. कुठलं टोक ओढायचं एवढंच कोणीतरी मला विचारायला हवं होतं, मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

खाट मी केली नाही. फळ्या शटरच्या मागे उभ्या आहेत, नवसूच्या नवसूला परत करा.

तुम्ही मला मारलं नाही, शिवी दिली नाही, उपाशी ठेवलं नाही. हे मी इथे सगळ्यांना सांगते. तुम्ही म्हणाला होता, गाडी आत गेल्यावर उरेल ती जागा तुझी. मी पाच महिने ती जागा शोधली. रोज थोडी निघायची आणि रोज थोडी जायची. शेवटी मी स्वतःच घडी होऊन भिंतीला लागायची वेळ आली, तेव्हा मला कळलं की मला उरलेली जागा नको. मी रागाने लिहीत नाही. मला वाईट वाटतंय, तुमच्यासाठीसुद्धा.

आज सकाळी मशीन स्टँडवर बसवलं. पट्टा नवीन घातला. दोन्ही हात कापडाला मोकळे राहतात, हे मी विसरूनच गेले होते. आत्याला आवाज ऐकू येत नाही, पण ती फरशीवर पाय ठेवून बसली होती. म्हणाली, चाललंय ते पायांना समजतं.

न्यायला यायचं असेल तर या. आत्या चहा देईल, दुसरं काही बोलणार नाही, मी तिला सांगून ठेवलंय. पण येण्याआधी घरात एकदा नीट बघून या. गॅरेजमध्ये नको, घरात. मशीनला तीन फूट बाय दीड फूट जागा लागते, पायांसकट. आणि मला, स्टूल मागे सारून उभं राहता येईल एवढी.

प्रेमा